विकणाऱ्याला माहीत होतं

ऑस्ट्रेलियात, पॉइंट कुकमध्ये आम्ही भाड्याने राहत होतो ते घर नवंकोरं होतं. रस्ताभर तशीच घरं, तशीच गॅरेजं, आणि फुटपाथवरची झाडं अजून काठ्यांना बांधलेली. नवऱ्याला ते सगळं आवडायचं. तो पुलांची डिझाइनं करतो. सरळ रेषा दिसल्या की त्याचा जीव शांत होतो. मला मात्र अंगण हवं होतं, ओटा हवा होता, संध्याकाळी बाहेर खुर्ची टाकून बसता येईल अशी जागा हवी होती. घर विकत घ्यायची वेळ आली तेव्हा मी हट्टच धरला आणि वेरिबीच्या जुन्या भागात, नदीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, आम्हाला ते लाकडी फळ्यांचं घर सापडलं. पुढे ऐसपैस व्हरांडा, मागे लिंबाचं झाड, वर-खाली सरकणाऱ्या उंच खिडक्या. खांबांवरच्या आणि चौकटींवरच्या रंगाचे तेवढे पोपडे निघालेले होते.

घर बघायला गेलो त्या शनिवारी मी व्हरांड्याच्या खांबावरचा एक पोपडा नखाने उचलला आणि एजंटला विचारलं, "ह्यात काही प्रॉब्लेम नाही ना?"

"नो वरीज," तो हसून म्हणाला. "वरवरचं आहे. रंगाचा एक हात मारला की घर उजळून निघेल."

घराची मालकीण म्हातारी होती आणि वृद्धाश्रमात राहायला गेली होती. विक्रीचं सगळं तिचा मुलगा पाहत होता. ती दोघं आम्हाला कधी भेटली नाहीत. इथे भेटायची पद्धतच नाही. विकणाऱ्याने कायद्याप्रमाणे घराबद्दलचं निवेदन दिलं. त्यात हद्दी होत्या, ड्रेनेज होतं, नगरपालिकेच्या परवानग्या होत्या. रंगाबद्दल काही नव्हतं, कारण रंगासाठी त्यात जागाच नसते. आम्ही आमच्या बाजूने इन्स्पेक्टर नेमला. त्याने पाया पाहिला, छप्पर पाहिलं, वाळवी पाहिली. त्याच्या रिपोर्टच्या शेवटी एक छापील ओळ होती: इतक्या जुन्या घरात शिसं असलेला रंग असू शकतो, आम्ही त्याची तपासणी करत नाही. अशा ओळी प्रत्येक रिपोर्टात असतात. आम्ही ती वाचली आणि पान उलटलं.

जुलैत, इथल्या हिवाळ्यात, घर ताब्यात आलं. मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती.

नोव्हेंबरात पप्पा आले. आई गेल्यानंतर वसईच्या घरात ते एकटेच होते. आयुष्यभर त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली होती आणि हातांना काम नसलं की त्यांना जेवण जात नसे. इथे आल्यावर पहिले काही दिवस ते नातीला घेऊन नदीवर बदकं बघायला जायचे. मग एका सकाळी त्यांनी व्हरांड्यात उभं राहून खांबावरून हात फिरवला आणि म्हणाले, "एवढं चांगलं लाकूड. कुणी लक्षच दिलेलं नाही. मी करतो हे."

"पप्पा, तुम्ही आराम करायला आलाय."

"आराम म्हणजे काय, सोफ्यावर बसून मरायचं का?"

नवऱ्याने त्यांना हार्डवेअरच्या दुकानात नेलं. स्क्रेपर, पॉलिश पेपर, लांबी, ब्रश, डोक्याला टोपी. दुकानात सगळं मिळालं, कुणी काही विचारलं नाही. घरी येऊन पप्पांनी कामाला सुरुवात केली. आधी खांब, मग कठडा, मग खिडक्यांच्या चौकटी. ते सावकाश करायचे. वरचा पांढरा थर काढला की खाली फिकट हिरवा, त्याखाली पिवळसर, त्याखाली पुन्हा पांढरा. त्यांना त्याची गंमत वाटायची. "बघ," ते मला दाखवायचे, "किती लोक राहून गेले इथे." इथे तेव्हा उन्हाळा होता, वारा उत्तरेकडून यायचा आणि घासलेल्या रंगाची भुकटी व्हरांड्यात पिठासारखी पसरायची. पप्पा ती झाडूने झाडून लिंबाच्या बुंध्याशी टाकायचे.

मी हॉस्पिटलमध्ये फिजिओ आहे. माझ्या शिफ्टच्या वेळी मुलगी पप्पांजवळ असायची. ती व्हरांड्यात त्यांच्या आसपास दुडदुडायची, फळ्यांवर बसून वाटीत चमचा आपटायची. ऊन फार झालं की पप्पा तिला आत ठेवायचे आणि मागच्या चौकटींचं काम काढायचे, तर ती तिच्या खोलीच्या खिडकीशी उभी राहायची आणि आजा बाहेर काय करतो ते बघत खिडकीच्या फळीला हिरड्या लावून बसायची. तिला दात येत होते. तिथे लाळेचा ओला डाग पडलेला असायचा. ते मला गोड वाटायचं. तिचा तसा फोटोही आहे माझ्याकडे.

शेजारी एक इटालियन आजोबा राहायचे. पूर्वी त्यांची वेरिबी साउथला फ्लॉवर-कोबीची शेती होती. इतकी वर्षं इथे काढूनही त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, आणि पप्पांचं त्याहून कमी. तरी दोघांची कुंपणावरून मैत्री झाली होती. ते पप्पांना टोमॅटो द्यायचे आणि पप्पा त्यांना आमच्या झाडाची लिंबं.

एकदा जेवताना पप्पा हसत सांगू लागले, "आज म्हातारा माझ्यावर नाराज होता. कुंपणाशी येऊन सारखा म्हणतो, नो गुड, नो गुड. रंगाकडे बोट दाखवतो, हात हलवतो. त्याला माझं काम पसंत नाही."

"त्यांना काय कळतंय त्यातलं," नवरा म्हणाला.

"नाही रे, बरोबर आहे त्याचं. कडा खडबडीत राहिल्यात. उद्या बारीक पेपर घेऊन परत घासतो."

आणि त्यांनी परत घासलं. खांब इतके गुळगुळीत झाले की गाल टेकवावा.

जानेवारी संपेपर्यंत मुलीचं खाणं कमी झालं. पोट कडक राहायचं, शी होताना रडायची. आधी खेळता खेळता झोपणारी मुलगी किंचाळून जागी व्हायला लागली. आम्ही दातांवर ढकललं, उन्हावर ढकललं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरने, जीपीने, तपासलं, रक्तात लोह कमी आहे म्हणून ड्रॉप्स दिले. पप्पांचंही पोट दुखत होतं, पण ते इथल्या पावाला दोष द्यायचे आणि ओवा खायचे.

मग तिचे शब्द जायला लागले. तिला थोडेच शब्द येत होते: पाणी, आजा, बदक, नको. बदक म्हणायचं तिने थांबवलं. पाणी हवं असलं की ती पाणी म्हणायच्या ऐवजी नुसतं बोट दाखवायला लागली. एका सकाळी पप्पा तिला मांडीवर घेऊन म्हणत होते, "आजा म्हण, आजा," आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू तो शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं.  मी त्याच दिवशी पुन्हा डॉक्टरकडे गेले.

ह्या वेळी जीपीने जरा वेळ घेतला. मुलीकडे पाहत तिने विचारलं, "तुमचं घर किती जुनं आहे?"

मी सांगितलं.

"रंगकाम चालू आहे का?"

मला आठवतं, मी अभिमानाने म्हणाले, "हो, माझे वडील करतायत. फार सुंदर झालंय."

तिने संगणकाकडे वळून रक्ताची तपासणी लिहून दिली. आमच्या सगळ्यांचीच.

निकाल फोनवर आला. मुलीच्या रक्तातलं शिसं इतकं होतं की लॅबने ते आरोग्य खात्याला कळवलं होतं. पप्पांचं तिच्याहूनही जास्त होतं. आरोग्य खात्याची बाई फोनवर फार नीट बोलली. मी विचारलं, औषध काय? ती म्हणाली, ह्या पातळीला औषध देत नाहीत; लोह, कॅल्शियम, वेळेवर खाणं, आणि मुख्य म्हणजे घर सोडा. आजच. कपडे धुतल्याशिवाय नेऊ नका, मऊ खेळणी नेऊच नका. मी तिला खिडकीच्या फळीचं सांगितलं. ती म्हणाली, हो, मुलं चाटतात, शिशाचा रंग चवीला गोडसर असतो.

शहराच्या उत्तरेकडे, क्रेगीबर्नला, नवऱ्याच्या कॉलेजचा मित्र राहतो, पुण्याचा. तो आणि त्याची बायको आम्हाला न्यायला आली. "किती दिवस राहायचं ते विचारू नकोस, राहा," ती म्हणाली. त्यांच्या गेस्टरूममध्ये आम्ही चौघं. मुलीला कडेवर घेऊन मी गाडीत बसले तेव्हा पप्पा व्हरांड्यात उभे होते, खांबापासून लांब, हात अंगापासून दूर धरून.

काही दिवसांनी घराच्या तपासणीसाठी माणूस येणार होता म्हणून पप्पा आणि मी वेरिबीला गेलो. तपासणीवाल्याने खिडकीची फळी, खांब, लिंबाखालची माती, सगळीकडून नमुने घेतले आणि तो गेला. इटालियन आजोबा कुंपणाशी आले. मुलगी कुठे दिसत नाही म्हणाले. मी सांगितलं.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "तुझ्या वडिलांना सांगितलं होतं. नो गुड. पेंट, नो गुड. बेबी आत ने."

"तुम्हाला माहीत होतं?"

तेव्हा ते तुटक इंग्रजीत बोलत गेले आणि मी जुळवत गेले. घर विकायच्या आधी म्हातारीने बाहेरून रंग काढायला एक पेंटर बोलावला होता. त्याने खांबावर काहीतरी चोळलं, ते लाल झालं. त्याने सांगितलं, हे साधं काम नाही, ह्यात शिसं आहे, सगळं झाकून, मास्क लावून, वेगळ्या पद्धतीने करावं लागेल. म्हातारी तिथेच पायरीवर बसली. तिचा मुलगा शेजारी उभा होता. पेंटर परत आला नाही. मग काही महिन्यांनी विक्रीची पाटी लागली.

"काय म्हणतोय तो?" पप्पांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. पण पप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि ते मला लहानपणापासून ओळखतात. मी सगळं सांगितलं. नो गुडचा अर्थही.

पप्पा कुंपणाला हात न लावता उभे राहिले. मग ते म्हणाले, "मी अजून बारीक घासलं."

त्यानंतर त्यांनी मुलीला उचलून घेणं सोडलं. डॉक्टरने सांगितलं होतं की आता कपडे-हात स्वच्छ आहेत, काही हरकत नाही. तरी ती त्यांच्याकडे हात करून आली की ते मागे सरायचे आणि मला हाक मारायचे. एकदा मला राग आवरला नाही. मी म्हणाले, "पप्पा, तिला वाटतं तुम्ही तिच्यावर चिडलात." ते म्हणाले, "वाटू दे." आणि बाथरूममध्ये गेले.

नवऱ्याने वकील शोधला. त्याच्या ऑफिसात आम्ही दोघं बसलो होतो आणि त्याने समजावून सांगितलं. घर विकणाऱ्याने रंगात शिसं आहे की नाही हे शोधलंच पाहिजे असं इथला कायदा म्हणत नाही. नेहमीच्या निवेदनात तो मुद्दा येत नाही. पण विकणाऱ्याला एखादी गंभीर गोष्ट माहीत असेल, घेणाऱ्याच्या दृष्टीने ती महत्त्वाची असेल, आणि विक्री व्हावी म्हणून त्याने ती जाणूनबुजून दडवली असेल, तर तो गुन्हा आहे. एजंटलाही तेच लागू आहे.

"जाणूनबुजून," वकील म्हणाला. "सगळं ह्या एका शब्दावर आहे. त्यांना माहीत होतं हे तुम्हाला दाखवावं लागेल."

"शेजाऱ्यांनी पाहिलंय."

"ते लिहून देतील?"

इटालियन आजोबांनी नकार दिला. ती म्हातारी त्यांच्या बायकोची मैत्रीण होती. आजारपणात तिने त्यांच्या बायकोसाठी रोज सूप आणलं होतं. "तुला सांगितलं, कारण बेबी आजारी आहे," ते म्हणाले. "कोर्टात नाही." पेंटरचं नाव त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांच्यावर रागावू शकले नाही.

म्हातारी कुठल्या वृद्धाश्रमात आहे ते मात्र त्यांनीच सांगितलं. वकिलाने मला तिथे जाऊ नका असं बजावलं होतं. नवराही नको म्हणाला. मी गेले. मी कामावर रोज अशाच म्हाताऱ्या बायकांना उभं राहायला शिकवते, त्यांच्या खोल्यांचा वास मला ठाऊक आहे. तिच्यासमोर मी काय बोलणार होते ते मात्र ठाऊक नव्हतं.

ती खिडकीशी बसली होती. बारीक, नीट विंचरलेले केस, अंगावर कार्डिगन. मी कोण ते सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला. "लिंबं आलीत का ह्या वर्षी?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "माझी मुलगी आजारी आहे. रंगामुळे."

 मग तिने विचारलं, "कुठल्या खोलीत झोपते?"

"मागच्या. लिंबाकडे खिडकी आहे ती."

"ती माझ्या मुलीची खोली," ती म्हणाली.

आणि मग तिने मुलीबद्दल सांगितलं. तिला एक मुलगा आणि एक मुलगी होती. मुलगी धाकटी. लहानपणी छान होती, मग हळूहळू मागे पडली. शाळेत टिकली नाही. डॉक्टर म्हणाले, काही मुलं अशीच असतात. तिचं लग्न झालं नाही, नोकरी झाली नाही. ती आईजवळच राहिली, त्याच खोलीत, आणि चाळिशी ओलांडून तिथेच गेली. तिच्या लहानपणी म्हातारीचा नवरा दर उन्हाळ्यात घर घासून रंगवायचा. घर नीट ठेवणारा माणूस होता. "सगळे म्हणायचे, किती सुंदर ठेवलंय घर."

"मला काहीच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तो पेंटर येईपर्यंत. त्याने विचारलं, ह्या घरात कधी लहान मुलं होती का? मी त्याला नाही म्हणून सांगितलं."

मी तिच्या शेजारी बसले होते. मला तिचा हात धरावासा वाटला आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं.

"तुम्ही आम्हाला का नाही सांगितलं?"

"मी त्याला म्हटलं होतं, त्या लोकांना सांग," ती म्हणाली. त्याला म्हणजे मुलाला. "तो म्हणाला, विचारलं तर सांगू." मग ती म्हणाली, "तुम्ही विचारलं नाहीत ना?"

मी विचारलं होतं. एजंटला विचारलं होतं, पोपडा हातात धरून.

निघताना ती म्हणाली की कुणी विचारलं तर ती हे सगळं सांगेल. मी वकिलाला कळवलं. त्याने आधी कपाळाला हात लावला, मग रीतसर पत्र पाठवलं.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले तेव्हा पार्किंगमध्ये तिचा मुलगा माझी वाट बघत होता. साठीचा, उन्हाने भाजलेला, मोठ्या हातांचा माणूस. मी त्याच्याबद्दल मनात जे चित्र रंगवलं होतं, तसा तो नव्हता. तो थकलेला दिसत होता.

"पुन्हा येऊ नका," तो म्हणाला. "तिला आठवत नाही धड. काहीही बोलते."

"पेंटर आला तेव्हा तुम्ही तिथे होतात."

तो म्हणाला, "तुमचा इन्स्पेक्टर होता ना? त्याने लिहिलं होतं ना?"

"तुम्ही तिथे होतात."

त्याने गाडीच्या टपावर हात ठेवला. "माझी बहीण माझ्यासमोर तशी झाली," तो म्हणाला. "माझ्या आईने तिला चाळीसहून जास्त वर्षं सांभाळलं. आता मी कागदावर लिहून देऊ, की ते त्या घराने केलं? माझ्या बापाने दर उन्हाळ्यात केलं? आणि तेही माझ्या आईला वाचून दाखवू?"

"माझी मुलगी दोन वर्षांची नाही अजून," मी म्हणाले.

"आय नो," तो म्हणाला. "आय नो." आणि गाडीत बसून निघून गेला.

त्याच्या वकिलाचं उत्तर आलं. विकणाऱ्या बाईंना स्मृतिभ्रंश आहे. त्यांच्या मुलाला अशा कोणत्याही दोषाची माहिती नव्हती. खरेदीदारांनी स्वतःच्या तपासणीवर विसंबून घर घेतलं. एजंटने कळवलं की त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. आम्ही ग्राहकांच्या सरकारी कार्यालयात तक्रार केली. बऱ्याच महिन्यांनी तिथूनही उत्तर आलं, सभ्य भाषेत, की पुरेसा पुरावा नाही. तोपर्यंत म्हातारी गेली होती. इटालियन आजोबांनी मला कुंपणावरून ते सांगितलं आणि क्रॉसची खूण केली. मीही केली. सवयीने.

पप्पा त्याआधीच परत गेले. व्हिसाची मुदत उरली होती, पण त्यांनी तिकीट बदलायला लावलं. विमानतळावर मुलगी ट्रॉलीवर बसली होती. पप्पांनी खिशातून रुमाल काढून हात पुसले, पुन्हा पुसले, आणि मग तिच्या केसांवरून बोटांची टोकं फिरवली. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती ट्रॉलीचं चाक बघत होती.

घर आम्ही ठेवणं शक्य नव्हतं. शिसं काढून घर राहण्याजोगं करायचं तर नुसत्या भिंतीच नाही, बागेतली मातीसुद्धा बदलावी लागणार होती. नवी एजंट आली. बाई हुशार होती. तिला आम्ही सगळं सांगितलं तेव्हा ती ओठ चावत म्हणाली, "तुम्ही टेस्ट केली हेच वाईट झालं. केली नसती तर तुम्हाला सांगायला काही नव्हतं."

घरी, म्हणजे क्रेगीबर्नला, परतताना नवरा गाडी चालवताना बोलला. एरवी तो रागाने बोलत नाही. "कायदा कसाय बघ. ज्याला माहीत आहे, त्याने सांगायचं. ज्याने डोळे मिटले, तो मोकळा. मग कोण कशाला डोळे उघडेल?"

"आपण सांगायचं," मी म्हणाले.

"मी कुठे नाही म्हणालो? मी फक्त म्हणतोय की आपल्याला सोडून सगळे सुटले."

आम्ही सांगितलं. निवेदनाला तपासणीचा पूर्ण रिपोर्ट जोडला. घर बघायला येणाऱ्यांसाठी त्याच्या प्रती स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवल्या. लोक यायचे, व्हरांड्यात उभे राहून हसायचे, आत येऊन छताकडे बघायचे, प्रत घ्यायचे आणि गाडीत बसून वाचायचे. परत कुणाचा फोन यायचा नाही.

एका शनिवारी एक पंजाबी जोडपं आलं. ती पोटुशी होती, बरेच महिने भरलेले. मालकांनी त्या वेळी तिथे थांबायचं नसतं, पण मी किल्ली द्यायला आले होते आणि फाटकाशी होते. ती व्हरांड्यात जाऊन उभी राहिली आणि तिने खांबाला हात लावला. पप्पांनी घासलेल्या खांबाला. "कितना स्मूद है," ती नवऱ्याला म्हणाली.

एजंटबाईने तिला रिपोर्टची प्रत दिली होती. तिने ती न वाचताच पर्समध्ये घातली होती. मी पुढे गेले.

"तो कागद वाचा," मी हिंदीत म्हणाले.

"घर जाके पढ़ेंगे, दीदी."

"नाही. खांबाला हात लावू नका. आधी हात धुवा. ह्या रंगात शिसं आहे. माझी मुलगी ह्यानेच आजारी पडली."

तिचा हात तसाच वर राहिला. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर आधी भीती आली आणि मग राग, आणि तो राग माझ्यावर होता, हे मला दिसलं. एवढं आवडलेलं घर मी तिच्या हातातून काढून घेतलं होतं. तिच्या नवऱ्याने तिला खांद्याला धरून खाली उतरवलं. रस्त्यावरच्या गाडीत त्याने पाण्याची बाटली उघडून तिच्या हातांवर ओतली. एजंटबाई दारातून माझ्याकडे बघत होती.

शेवटी एका बिल्डरने घर घेतलं. त्याला घर नको होतं, जागा हवी होती. आम्ही दिलेल्या किमतीहून बऱ्याच कमीत गेलं, आणि घराचं कर्ज आम्ही अजून फेडतोय. घर पाडायच्या आधी मी बिल्डरला दोनदा फोन केला, धूळ उडू नये म्हणून काय करणार आहात ते विचारायला. सगळं नियमाप्रमाणे होईल, तो म्हणाला. तरी मी इटालियन आजोबांकडे जाऊन सांगितलं, त्या दिवशी खिडक्या बंद ठेवा, कपडे बाहेर वाळत घालू नका, टोमॅटो झाका. त्यांनी मान हलवली. पाडताना मी तिथे गेले नाही.

मुलगी आता शाळेत जाते. तिच्या रक्तातलं शिसं उतरत उतरत मर्यादेखाली आलं. शब्द परत आले, उशिरा आणि बहुतेक इंग्रजी. स्पीच थेरपी अजून चालू आहे. तिला एका जागी बसवत नाही, आकडे लक्षात राहत नाहीत. तिची टीचर म्हणते, प्रेमळ आहे, थोडा वेळ लावते. मी विचारते, हे त्यामुळेच का? डॉक्टर म्हणते, सांगता येत नाही. काही मुलं अशीच असतात. तिने ते वाक्य उच्चारलं तेव्हा मला त्या खिडकीशी बसलेल्या म्हातारीचा आवाज ऐकू आला, आणि मी पुढचं काही विचारलं नाही.

पप्पा परत ऑस्ट्रेलियाला आले नाहीत. व्हिसासाठी मी फोटो मागितला की म्हणतात, पाठवतो. त्यांची तपासणी आम्ही वसईच्या डॉक्टरांकडून करवून घेतली. त्यांचंही प्रमाण खाली आलंय, पण बोटांत जोर राहिला नाही असं ते म्हणतात. डॉक्टरांना त्याचं कारण सापडलं नाही. चित्रं काढणं त्यांनी सोडलंय.

गेल्या नाताळात आम्हीच वसईला गेलो. मुलगी पहिल्या दिवशी त्यांच्यापासून लांबच राहिली. दुसऱ्या दिवशी ते अंगणात नारळ सोलत होते, तर ती जाऊन त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. तिला काहीतरी विचारायचं होतं. "आजा," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द तिला सापडेना. ती ओठ हलवत राहिली, मुठी वळत राहिली, तिला असं होतं. माझ्या जिभेवर शब्द आले होते, पण थेरपिस्टने सांगितलंय, तिच्या वतीने बोलू नका.

पप्पांनी कोयता बाजूला ठेवला. ते तसेच खाली बसून राहिले, तिच्या तोंडाकडे बघत. मी दारातून पाहत होते. त्यांची मान ताठ होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. ती अजून शब्द शोधत होती.

"सावकाश," पप्पा म्हणाले. "मला कुठे जायचं नाहीये."